घोलवडला गेलेला मुराळी

चुडामण माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. फैजपूरपासून दीड कोसावरच्या त्याच्या गावात कुणालाही विचारा. केळीला वेळेवर पाणी देणारा, तोंडानं बोलेल तेच करणारा, म्हाताऱ्या आईला देवासारखं जपणारा असा त्याचा लौकिक होता. बायको इंदिराबाई पाचोऱ्याकडची. इतक्या वर्षांत तिनंही माहेरी जाऊन नवऱ्याबद्दल एक वाकडा शब्द काढला नव्हता. घरात सगळ्यांच्याच गळ्यात तुळशीची माळ. मांसमच्छी तर सोडाच, एकादशीला त्यांच्या घरात कांदासुद्धा कुणी चिरत नसे. फक्त चैत्र सरत आला, कैऱ्यांना पाड लागला आणि गल्लीत आखाजीची बोलणी सुरू झाली, की ह्या भल्या माणसाला जेवण गोड लागेनासं व्हायचं.

बाकीच्या मुलखात त्या दिवसाला अक्षय्य तृतीया म्हणतात आणि पळीपंचपात्र घेऊन बसतात. खानदेशात ती आखाजी, आणि आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. लिंबाला झोके टांगायचे, आमरसावर ताव मारायचा, सासूचं नाव घेऊन गाण्यांतून तिची यथेच्छ उणीदुणी काढायची. पण लेक येणार कशी? तिला आणायला माहेराहून माणूस जातो, तो मुराळी. भाऊ असला तर भाऊच. मुराळी आल्याशिवाय सासुरवाशीण आपल्या पायानं निघाली, तर गाव म्हणतं, टाकली हिला. आणि सासरच्यांनी आणून सोडली तर मग विचारूच नका. म्हणून घरोघरच्या बाया वैशाख लागला की दारात उभ्या राहून वाटेकडं बघत असतात.

चुडामणची बहीण बेबा आठ वर्षं आली नव्हती. का आली नव्हती, हे अख्ख्या गावाला पाठ होतं. तिची सासू भागाबाई धाडत नाही! दूर तिकडं समुद्राकाठी पोरीला नेऊन ठेवलंय आणि दावणीला बांधल्यासारखी बांधलीय. पहिल्या बाळंतपणालासुद्धा सोडली नाही म्हणजे बघा. चुडामणची आई सुगंधाबाई दर आखाजीला दारात बसायची आणि भागाबाईच्या नावानं बोटं मोडायची. असा तिचा गळा, की चार घरं पलीकडच्या लताबाईलाही शब्द न् शब्द ऐकू जायचा. लताबाई मान हलवायची आणि म्हणायची, अशी सासू वैऱ्यालाही मिळू नये.

आता हे गावाला सांगितलं कुणी? चुडामणनं. आणि ह्यात खरं किती? रतीभरही नाही.

झालं होतं ते असं. स्वराज्य येऊन दोन वर्षं झाली होती. बाप झिपरूआबा त्याआधीच वारलेला. बेबाचं लग्न दोंडाईच्याकडच्या रुपचंदशी झालेलं. मुलगा निर्व्यसनी, पण जमीन नाही. त्याला घोलवडला एका इराणी शेठच्या चिकूच्या वाडीवर मुकादमाची जागा मिळाली आणि तो आईला न् बायकोला घेऊन तिकडं गेला. सुरत आणि मुंबई ही दोन ओरडणारी शहरं, त्यांच्यामधल्या किनाऱ्यावरचं हे एक गप्प गाव. पहिलीच आखाजी आली तशी सुगंधाबाईनं फैजपूरच्या बाजारातून हिरवं लुगडं आणलं, पदराच्या टोकाला हळकुंड बांधलं आणि बावीस वर्षांच्या चुडामणला गाडीत बसवलं. तो भुसावळहून तापीच्या अंगानं सुरतेला गेला, सुरतेला गाडी बदलली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घोलवडला उतरला. तोवर त्यानं तापीपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं.

वाटेत एका माणसाला त्यानं विचारलं, रुपचंद मुकादमाची वाडी कुठं? तो म्हणाला, मुकादमाची बाई आत्ताच दर्यावर गेलीय, जा असाच सरळ. चुडामण गेला. किनाऱ्याला सुरूची झाडं होती. तिथं सावलीला लुगड्याचं गाठोडं ठेवून तो टेकला आणि बघतच राहिला. ओहोटी लागली होती. पाणी पार लांब, आभाळाला टेकलेलं, आणि मधे नुसता ओला चिखल चकाकत होता. होड्या आडव्या पडलेल्या. तिकडून बायांची रांग येत होती, काष्टे वर खोचलेले, डोक्यावर टोपल्या. वारा तिकडून इकडं येत होता. असा वास आला, की चुडामणनं उपरण्यानं नाक दाबलं. टोपल्यांत मासळी होती.

रांगेत तिसरी बेबा होती.

डोक्यावरच्या टोपलीतून पाणी निथळून तिच्या कपाळावरून गालावर येत होतं, आणि पुढच्या मच्छीवाल्या बाईशी ती खिदळत बोलत होती. झिपरूआबाची लेक! माळकऱ्याच्या घरची! चुडामणच्या पायाखालची वाळूच सरकली. त्याच्या सोयरिकीचं बोलणं तेव्हा पाचोऱ्याला चालू होतं आणि ते घर सोवळ्याओवळ्याचं फार कडक. हे त्यांच्या कानावर गेलं तर? ही घरी येईल, चार बायांत बसेल, बोलताबोलता काहीतरी बोलून जाईल. आपल्या घरात पाणी कोण पिणार मग? तो उठला आणि स्टेशनाकडं चालू लागला. चालू काय, जवळजवळ पळतच सुटला. स्टेशनात आल्यावर त्याच्या लक्षात आलं, गाठोडं झाडाखालीच राहिलं. परत फिरायची त्याची छाती झाली नाही.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "बेबा कुठी हाये?"

वाटेत ह्या प्रश्नाला त्यानं सतरा उत्तरं जुळवली होती. तोंडातून अठरावंच निघालं. "सासू नाही म्हने. लुगडं ठेवून घेतलं, पोर नाही धाडली."

एवढंच. पण एक खोटं पोसायचं म्हणजे दुभतं जनावर पोसण्यासारखं आहे, रोज वैरण घालावी लागते. महिन्याभरानं रुपचंदचं कार्ड आलं. घरात वाचता येणारा चुडामण एकटाच. कार्डात लिहिलं होतं, मुराळ्याची वाट पाहिली, कोणी आलं नाही, सर्व खुशाल आहे ना? आमच्या मातोश्रींनी सांजोऱ्या करून ठेवल्या होत्या. चुडामणनं आईला वाचून दाखवलं, सर्व खुशाल, पाऊसपाणी बरं आहे. आणि कार्ड चुलीत सारलं. उत्तर धाडलं, घरी अडचण होती, पुढच्या वर्षी येतो. पुढच्या वर्षी दुसरं कार्ड आलं, बेबाला दिवस गेलेत, पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं. तेही चुलीत गेलं. तिसरं आलं, मुलगी झाली. तेवढं त्यानं आईला सांगितलं, सासूनं बाळंतपणालाही सोडली नाही अशी पुस्ती जोडून. मग कार्डं बंद झाली. चुडामणचं पाचोऱ्याला लग्न झालं, इंदिराबाई आली, बाग दुप्पट झाली. पण खाई त्याला खवखवे. पोस्टमन गल्लीत शिरला की तो हातातलं काम टाकून दारात यायचा.

असा तो आठ वर्षं निभावून नेत होता आणि आणखी आठ वर्षंही नेलं असतं, खोटं कशाला बोला! पण सत्तावन्न साली सुगंधाबाईचे डोळे गेले. म्हणजे पुरते नाही, पण जायला टेकले. मोतीबिंदूखाली काचबिंदू निघाला होता आणि डॉक्टरानं हात लावायला नकार दिला होता. माणूस दिसायचा, तोंड ओळखू यायचं नाही. चैत्राच्या शेवटी एक दिवस म्हातारी म्हणाली, "आपल्या गल्लीतला मोतीलाल कापडासाठी सुरतेले जाऊन राह्यला. मी त्याच्यासंगं जाते. त्या सटवीच्या दारात बसन. डोये जायाच्या आत मले माह्या पोरीचं तोंड पाहू दे म्हनन. पाया पडन तिच्या. मंग तरी धाडीन का नाही?"

चुडामणच्या हातातला गूळ खाली पडला. ही तिथं जाणार, भागाबाईच्या पाया पडणार, आणि भागाबाई म्हणणार, अहो विहीणबाई, मी कधी अडवलं?

"तू कायले जाते माय," तो म्हणाला. "मी जातो ना. ह्या बारीनं आणतोच तिले."

म्हातारी रडायलाच लागली. म्हणाली, भाऊ असावा तर असा. इंदिराबाईनं डोळे पुसले. चुडामणला वाटलं, जमीन दुभंगली तर आत जाऊन वरून माती ओढून घ्यावी. कारण तो काही बहिणीच्या ओढीनं निघाला नव्हता, आईच्या डोळ्यांसाठीही नव्हता. पकडले जाऊ ह्या भीतीनं निघाला होता, आणि हे त्याचं त्याला पक्कं ठाऊक होतं.

घोलवड तसंच होतं. गाडी गेली की पुन्हा सामसूम, ताडांच्या झावळ्यांची सळसळ, कुठंतरी रहाटाची करकर. ह्या वेळी तो दर्याकडं गेला नाही, विचारत विचारत वाडीवर गेला. ओट्यावर बेबा भांडी घासत होती. सव्वीस वर्षांची बाई, पण कानशिलाजवळ एक पांढरा केस आला होता. तिनं वर पाहिलं. राखेचे हात तसेच ठेवून उभी राहिली.

"आला?" ती म्हणाली.

बस्स, एवढंच. ना रडली, ना गळ्यात पडली. आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. सहा-सात वर्षांची तिची पोर दाराआडून बघत होती. तिनं विचारलं, कोण गं हा? बेबा म्हणाली, मामा. पोर जरा वेळ विचारात पडली आणि म्हणाली, "आपल्याला मामा आहे?"

चुडामणनं तांब्या तोंडाला लावला तो बराच वेळ खाली घेतलाच नाही.

तेवढ्यात रुपचंद आला. दिलखुलास माणूस, बोलणं अजून तिकडचं, दोंडाईच्याकडचं. "अरे पाव्हना! या, या! आठ वरीसमा आज रस्ता सापडना का तुम्हले? घर बठ्ठं ठीक शे ना?" आठ वर्षांनी वाट सापडली म्हणून चिडवत आणि घरची खुशाली विचारत त्यानं चुडामणच्या पाठीवर थाप मारली. त्याच्या मनात काही किल्मिष असतं तर चुडामणला बरं वाटलं असतं.

"आई कुठं आहेत?" चुडामणनं घाबरत विचारलं.

रुपचंदचा चेहरा उतरला. "माय गई ना. दिवाईना आगेच गई."

आणि अरे देवा, चुडामणला क्षणभर हायसं वाटलं. साक्षीदार गेला! पुढच्याच क्षणाला त्याची त्यालाच शिसारी आली. एक बाई मेल्याचं ऐकून आपल्याला बरं वाटावं, कुठं येऊन पोहोचलो आपण?

जेवणं झाल्यावर रुपचंद त्याला वाडी दाखवायला घेऊन गेला. दोघंही बागेत राबणारे, मातीत हात घालून बोलणारे. चिकूची झाडं दाट, काळोखी हिरवी. झाडांच्या बुंध्याभोवती आळी उकरली होती आणि चारपाच बाया टोपल्या आणून त्यांत रिकाम्या करत होत्या. वाऱ्याबरोबर तो वास आला. आठ वर्षं झाली होती, पण चुडामणला तो लगेच ओळखू आला.

"हे काय घालून राह्यले?"

"मासा," रुपचंद म्हणाला. "बारीक मासा, कुनी खात नही असा. चिकूले हाई खत भलतंच मानवस. तुम्ही केळीले पेंड घालतस ना, तसंच. पहिला सालले कामले बाया भेटेत नहीत, तं बेबाच वाहे. माय बी वाहे. माळ काढीसन खुटीले टांगे, टोपल्या वाहे, आंग धुये, न मंग परत माळ घाले. एकदाबी मासा खाधा नही तिनी."

चुडामण तिथंच खाली बसला. रुपचंदला वाटलं, ऊन लागलं. ऊन कसलं लागतंय! जन्मभर शेणखत, पेंड, हाडांचा चुरा मातीत कालवणारा माणूस तो. दोन मैलांवरून शेतात काय पडलंय ते नाकानं सांगायचा. आणि बहिणीच्या डोक्यावरचं खत त्याला ओळखता आलं नव्हतं.

उन्हं कलल्यावर बेबा म्हणाली, चल दर्याकडं जाऊ. पोरीला रुपचंदपाशी ठेवून दोघं निघाली. ती पुढं, हा मागं. सुरूच्या झाडांपाशी आल्यावर ती थांबली आणि एका झाडाकडं बोट करून म्हणाली, "बस."

"इथं?"

"तिथं. मांगच्या बारीले बसला व्हता त्याच झाडाखाली."

चुडामण बसला.

"लुगडं सापडलं व्हतं मले," बेबा म्हणाली. "हिरवं. मायनं पदराले हळकुंड बांधेल व्हतं. मी टोपली टाकून आली, तं गाठोडं हाये आन तू नाही. तुही पाठ दिसली. हाक मारली तुले मी. दोनदा मारली."

"लाटांच्या आवाजात ऐकू नसन आली..."

"लाटा कुठी व्हत्या भाऊ?" ती शांतपणे म्हणाली. "ओहोटी व्हती."

ऐकू आली होती. दोन्ही हाका ऐकू आल्या होत्या. आठ वर्षं तो स्वतःलाच सांगत आला होता, की तो कुणा दुसऱ्याचा आवाज होता.

"मी घरात कोणाले नाही सांगतलं," बेबा म्हणाली. "सासूले म्हणलं, गावाकडचा एक माणूस जाता जाता लुगडं देऊन गेला. भाऊ आला आन तोंड न दाखोता पयाला, असं कोणत्या तोंडानं सांगू? ते कार्डं लिहीत गेले, मी गप्प राह्यली. फक्त मले एवढं सांग, माह्यं काय चुकलं व्हतं? आठ वर्सं झाली, हेच इचारते मी सोताले. लग्नात काही बोलली का मी? तुह्या सोयरिकीत काही आडवं आलं का?"

मग चुडामणनं सांगितलं. टोपली, वास, माळ, पाचोऱ्याचं घर. सांगताना त्याला ते इतकं क्षुल्लक वाटायला लागलं, की तो बहिणीकडं न बघता वाळूशी बोलायला लागला. बेबा ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती हसली, पण ते हसणं बघवत नव्हतं.

"खत व्हतं रे ते! शेतकऱ्याच्या पोटचा ना तू? आन समज, नसतं खत. समज, पोटासाठी खाल्ली असती मी मासळी. मंग? मंग मी तुही बहीण राह्यली नसती?"

चुडामण वाळूत बोटं खुपसून बसला होता. पण अजून सगळं सांगून झालं नव्हतं. सगळ्यात वाईट ते राहिलंच होतं. ते न सांगता हिला घरी नेता येणार नाही, कारण घरी पाऊल टाकल्याटाकल्या आई तेच बोलणार. म्हणून त्यानं तेही सांगितलं. सगळं भागाबाईच्या माथी मारल्याचं. लुगडं तिनं गिळलं म्हणाल्याचं. आई आठ वर्षं दारात बसून तिला शिव्या देते ह्याचं.

आता मात्र बेबा ताडकन उठली. इतका वेळ तिनं पाणी काढलं नव्हतं, ते आता डोळ्यांतून घळाघळा आलं.

"माह्या सासूचं नाव घेतलं तू? भाऊ, दर आखाजीले त्या बाईनं माह्यासाठी आंब्याले झोका बांधला. माहेर नाही पोरीले, म्हने, मीच तुही माय. बाळंतपणात बारा दिवस बाजेजवळ भुईवर झोपली. आन माही माय तिले..."

पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "येते मी. तुह्यासाठी नाही, मायच्या डोयांसाठी येते. पण सांगायचं ते तू सांग. मी एक अक्षर बोलणार नाही. आन मायनं माह्या सासूले एक शब्द वावगा बोलला न् तू गप राह्यला, तं मी त्याच पावली मांगं फिरन."

सुरतेहून खानदेशाकडं गाडी निघाली आणि चुडामण शब्द जुळवायला लागला. नंदुरबार आलं, तो म्हणाला, अमळनेरपर्यंत जुळतील. अमळनेर गेलं, जळगाव गेलं, भुसावळला गाडी सोडली तरी जुळले नव्हते. गाडीत सारा वेळ समोर बेबा खिडकीबाहेर बघत होती आणि पोर तिच्या मांडीवर झोपली होती. गाव जवळ आलं तसं केळीच्या बागा दिसायला लागल्या. बेबानं पदर तोंडाला लावला. चुडामणला वाटलं, ही रडतेय तोवर बोलून काय उपयोग? घरी गेल्यावर बघू. आठ वर्षं त्यानं हेच केलं होतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी तिघं दारात उभी राहिली. इंदिराबाईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. सुगंधाबाई चाचपडत पुढं आली, दोन्ही हातांनी बेबाचं तोंड धरलं, डोळ्यांजवळ नेलं, कपाळ, नाक, हनुवटी बोटांनी बघितली. "वाळली माही पोर, वाळली," असं म्हणत जी रडायला लागली, की गल्ली गोळा झाली. लताबाई आली, तिच्यामागं आणखी चारजणी आल्या. नातीला मांडीवर घेऊन म्हातारी म्हणाली, "सोडलं का अखेर त्या सटवीनं? कसं काय पाझर फुटला तिले?"

बेबानं चुडामणकडं पाहिलं. चुडामणनं जमिनीकडं पाहिलं.

"माय," बेबा म्हणाली, "सासू वारल्या माह्या. दिवाळीआधीच."

"मेली?" म्हातारी म्हणाली. "बरं झालं. देवाच्या घरी उशीर हाये, अंधेर नाही."

मांडीवरची पोर एकदम रडायला लागली. आजी म्हणजे तिचा जीव होता. बेबानं वाकून पोरीला उचललं, दुसऱ्या हातानं गाठोडं घेतलं आणि वळली. खरंच वळली. अंगणाच्या कडेपर्यंत गेलीसुद्धा. बाया एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. सुगंधाबाईला काय झालं ते दिसेना, ती म्हणायला लागली, "बेबा? अवो बेबा, कुठी चालली?"

चुडामण धावला. बहिणीच्या वाटेत आडवा उभा राहिला आणि तिथूनच, अंगणातून ओरडून बोलला. जुळवलेला एकही शब्द त्यात नव्हता.

"माय, भागाबाईनं कधीच आडवलं नव्हतं! मी खोटं बोललो. मी बेबाले भेटलोच नाही. लांबून पाहून पळून आलो."

म्हातारीनं आवाजाच्या रोखानं मान वळवली. तिनं आरडाओरडा केला असता तर सोपं गेलं असतं. पण ती एकेक गोष्ट विचारायला लागली, बाजारात वस्तू बघून घ्यावी तशी.

"लुगडं?"

"झाडाखाली इसरलो."

"मंग सासूनं ठेवून घेतलं म्हने?"

"खोटं सांगतलं."

"कार्डं येत व्हते ते?"

"तीन आले. बोलवा म्हणून लिहेल व्हतं. मी चुलीत घातले."

"बाळंतपणाचं?"

"ते बी लिहेल व्हतं, माय."

इंदिराबाईच्या हातातून उलथनं खाली पडलं. तिला आपल्या सोयरिकीपायी हे झालं हे अजून ठाऊक नव्हतं, पण नवऱ्याकडं ती अशी बघत होती, की जणू हा माणूस तिनं आज पहिल्यांदा पाहिला. सुगंधाबाई भिंतीला धरून उठली. मग म्हणाली, "बेबा, घरात चाल. पोरगी उन्हात उभी हाये." आणि हात पुढं करून थांबली. बेबा आली. चुडामणला कुणी आत बोलावलं नाही, बाहेरही काढलं नाही. तो संध्याकाळपर्यंत गोठ्यात बैलांपाशी बसला. आईनं चार तोंडात मारल्या असत्या, थुंकली असती, तर घास गेला असता घशाखाली. ताट समोर आलं, ते तसंच परत गेलं.

दुसऱ्या दिवशी आखाजी. त्या दिवशी खानदेशात पितरांना जेवायला बोलावतात. मातीची कोरी घागर पाण्यानं भरून मांडतात, तिच्यावर खरबूज, सांजोऱ्या, आंबा ठेवतात. आणि आमंत्रण द्यायचं ते उंबऱ्यावर. घरातला कर्ता पुरुष कुंकवात बोट बुडवून उंबऱ्यावर एकेक रेघ ओढतो आणि एकेका मेलेल्या माणसाचं नाव घेतो. सुगंधाबाई कालपासून चुडामणशी एक शब्द बोलली नव्हती. तिनं बेबाकडून निरोप धाडला, त्याले म्हन, आंघोळ करून उंबऱ्यापाशी बस.

तो बसला. म्हातारी शेजारी पाट घेऊन बसली, तिच्या मागं बेबा उभी. दारोदारी हेच चालू होतं. लताबाई आपल्या ओट्यावरून बघत होती. चुडामणनं पहिली रेघ ओढली, बाप झिपरूचं नाव घेतलं. मग आजा, पणजा, आजी, लहानपणी गेलेला थोरला भाऊ. रेघा संपल्या तसं त्यानं बोट पुसायला फडकं घेतलं.

"थांब," सुगंधाबाई म्हणाली. कालपासूनचा पहिला शब्द. "आखीन एक वढ."

"आपले झाले, माय. आता कोणाचं?"

"भागाबाईचं."

लताबाईला राहवलं नाही. तिथूनच ओरडली, "अवो अक्का, इहिणीचं पितर आपल्या उंबऱ्यावर? असं कुठी असते का? दुसऱ्याच्या घरची ती!"

"आठ वर्सं मी तिले ह्याच उंबऱ्यावर बसून शिव्या देल्या, तवा ती दुसऱ्याच्या घरची नव्हती का?" म्हातारी म्हणाली. "आज जेवाले बोलावलं तं दुसऱ्याच्या घरची? वढ रे."

चुडामणनं कुंकवात बोट बुडवलं. रेघ ओढली, ती वाकडी आली. मागं बेबाचा हुंदका ऐकू आला. त्यानं मान खाली घालून, ओठातल्या ओठात नाव घेतलं.

"मोठ्यानं," सुगंधाबाई म्हणाली. "मी शिव्या मोठ्यानंच देत व्हते."

चुडामणनं मान वर केली, गल्लीकडं तोंड केलं आणि मोठ्यानं नाव घेतलं.